शिवणाऱ्याने पुन्हा मोजायचं

१२ जानेवारी

धाकट्या,

सलाम. आधी ‘सप्रेम’ लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसणार हे मला कळतंय, पण दुसरा कागद घ्यायचा कंटाळा केला.

पत्ता दाजींनी दिला. दर नव्या वर्षाला ते तुला कार्ड पाठवतात, तेही गेली सात वर्षं, हे मला परवा कळलं. माझ्याच घरात राहून, माझ्याच पाठीमागे! मी दोन दिवस अबोला धरला, पण त्यांच्या तो लक्षातच आला नाही. माझा घसा बसलाय असं समजून गरम पाणी आणून देत होते. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

हे कामाचं पत्र आहे. काळजी करू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. झालं असं की पुस्तकं दाबायच्या मोठ्या शिकंज्याच्या स्क्रूचा आटा गेला. इस्पितळाची चाळीस रजिस्टरं शिवून, खळ लावून तयार, आणि दाबायला काही नाही. लोहाराने पंधरा दिवस सांगितले, म्हणजे महिना. शेवटी खिडकीखालचा लहान शिकंजा वापरायला काढला. त्याच्यावर चादर टाकलेली होती. ती काढली, धूळ झटकली आणि दांडा फिरवायला गेले तर हलायचं नाव नाही. मी कधीच एवढा घट्ट आवळत नाही, तुला माहीत आहे. माझ्या मनगटात तेवढा जोरच नाही. दाजींना बोलावलं. त्यांनी भिंतीला पाय लावून ओढलं तेव्हा कुठे फिरला. फिरला तो इतका एकदम की दाजी पुठ्ठ्यांच्या ढिगावर जाऊन बसले. लाकूड फुगलं असेल, म्हणाले.

तर विचारायचं एवढंच की त्या स्क्रूला तू कोणतं तेल घालायचास? बाबा गेल्यापासून त्या शिकंज्याला कुणी हात लावलेला नाही. दाजींनी शिलाई मशीनचं तेल ओतलंय आणि आता सगळ्या दुकानाला वास येतोय.

आत काही नव्हतं. रिकामाच होता.

दफनभूमीच्या फाटकाशी मी तुला जे बोलले, त्याबद्दल हे पत्र नाही. त्यावर काही लिहायचं असतं तर सात वर्षांत लिहिलं असतं. तेलाचं तेवढं कळव.

ताई


२७ जानेवारी

धाकट्या,

तेलाबद्दल तुझं उत्तर आलं नाही. नाही ते बरंच झालं. मला तेलाची काय पडली आहे?

शिकंजा रिकामा नव्हता.

हे एक वाक्य लिहायला मला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मी चाळीस रजिस्टरं दाबली, वीस वह्यांचे कोपरे शिवले, खिडक्या धुतल्या, दाजींच्या जुन्या पँटी उसवून पुन्हा शिवल्या. ते बिचारे विचारत होते, पाहुणे यायचेत का?

आत एक फर्मा होता. सोळा पानांचा, पुस्तकातून सुटा केलेला जुडगा. वर खाली टिपकागद, त्यांच्या बाहेर दोन फळ्या. चर्चच्या मोठ्या पवित्र शास्त्रातला. कोणता ते तुला सांगायला नको.

आता सरळ सांगते, नाहीतर पुन्हा तेलावर घसरेन.

त्या जूनमध्ये ते पुस्तक आपल्याकडे आलं तेव्हा शिवण पार गेलेली होती. बाबांना दिसत नव्हतं, म्हणून काम आपल्या दोघांवर. पुस्तक मी उघडलं. जुनी शिवण कापली, फर्मे सुटे केले, मोजले. अठ्ठ्याहत्तर. त्यातल्या एकाची घडी फाटली होती. मी तिला पातळ कागदाची पट्टी लावली, आणि मोठ्या शिकंज्यात शाळेची पुस्तकं होती म्हणून तो फर्मा वाळायला लहान शिकंज्यात ठेवला. दांडा मी फिरवला नाही. भिंगरीने फिरवला.

भिंगरीचं नाव मी सात वर्षांत लिहिलेलं नाही. बघ, लिहिता येतं.

तुझ्या डोळ्यांसमोर असेल ती, त्या शिकंज्यावर पाय हलवत बसलेली. चार वर्षांची. त्याच्या आठ महिने आधी तिला दत्तकाच्या कचेरीतल्या बाईंनी आमच्याकडे आणून सोडलं होतं, कागदपत्रं व्हायची होती, पण आमच्या मनाने ती आमची झाली होती. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर घरात कुणीतरी सकाळी उठून मला आई म्हणत होतं. मी देवाकडे त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं. त्या आठ महिन्यांत रोज मागत होते, ही राहू दे. तेवढंच. दुसरं काही नको.

तिने दांडा फिरवला, ‘झालं’ म्हणाली, आणि दारात कचेरीतल्या बाई उभ्या होत्या. तिचा सख्खा मामा सापडला होता. बाई फार चांगल्या होत्या, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मामा बाहेर गाडीपाशी उभा होता, आत यायला लाजत होता. चार वाजता भिंगरी गेली. तिची पिशवी तूच उचलून दिलीस. मी काय केलं? मी शिकंज्यावर चादर टाकली. त्याच्या लाकडावर तिने रंगीत खडूने रेघोट्या मारल्या होत्या, त्या मला दिसायला नको होत्या.

मग मी अकरा दिवस दुकानात आले नाही. तू एकट्याने ते पुस्तक शिवलंस. टेबलावर मी ठेवलेला गठ्ठा उचललास आणि शिवलास. ताईने ठेवलाय म्हणजे मोजलेला असणार, असंच तुला वाटलं ना?

मोजलेला होताच. पण मोजून मी त्यातला एक काढून ठेवला होता.

आज इथपर्यंतच. उरलेलं लिहायला हिंमत गोळा करते.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

सलाम. तुझं पत्र नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं. किंवा लिहिलं असतं आणि ते तू वाचू शकला नसतास.

आता फाटकाचं.

ऑक्टोबरात बाबा गेले. त्यांनी कधीपासून सांगून ठेवलं होतं की माझ्या वेळी त्या बायकांचा अध्याय वाचा, सकाळी सकाळी समाधीकडे निघालेल्या त्या बायकांचा. आणि आपल्याच हातून बांधलेल्या पुस्तकातून वाचा. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. प्रभूचं दफन झालं, दाराशी धोंड लोटली, त्यांनी पान उलटलं आणि समोर भलत्याच गोष्टीतले कोळी जाळी धूत बसलेले. ते मागे गेले, पुढे गेले, पुन्हा मागे आले. आपण बांधलेल्या पुस्तकात बाबांचा अध्यायच नव्हता. जूनपासून वाचनाचा क्रम तिथवर आला नव्हता, म्हणून कुणाला कळलंही नव्हतं.

बाबांचा नियम तुला तोंडपाठ होता, मलाही होता. उघडणाऱ्याने मोजायचं, शिवणाऱ्याने पुन्हा मोजायचं. तू मोजलं नव्हतंस. मी बाहेर फाटकाशी तुझी बाही धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “याने मोजलं नाही. बाबांचा शेवटचा अध्याय याने रद्दीत घातला.” आणखीही बोलले. ते लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेल.

तू मान खाली घालून उभा राहिलास. पुस्तक तू उघडलं होतंस, ताई, एवढं एक वाक्य तू बोलू शकला असतास. बोलला नाहीस. आठवड्याच्या आत गेलास.

त्या दुपारी मी दुकान उलटंपालटं केलं, तेही तुला दिसावं म्हणून. रद्दीची पोती उपसली, फळ्या काढल्या, कपाटांमागे हात घातले. चादर तेवढी उचलली नाही. मी त्या फर्म्याला पट्टी लावली होती हे मी विसरले होते, हे अगदी खरं आहे. आणि ते आठवू नये म्हणून मी सात वर्षं त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा घातला नाही, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही लिहिते. तू कोणतं धरायचं ते ठरव.

माफ कर असं लिहायला घेतलं तर पेन अडतं. एवढ्या उशिराने मागायचं म्हणजे लाजच वाटते. तरी मागते. धाकट्या, मला माफ कर. चूक माझी होती आणि शिक्षा तू भोगलीस.

आता दुसरं सांगते, कारण फक्त रडगाणं गायला मी पत्र लिहीत नाहीये.

तो फर्मा मी शिकंज्यातून काढला आणि तिथेच उभ्या उभ्या वाचला. चष्मा आणायलाही गेले नाही, हात लांब करून वाचला. तुला माहीत आहे, भिंगरी गेल्यापासून मी प्रार्थना सोडली होती, आणि बाबा गेल्यावर चर्चही. रविवारी दाजी एकटे जायचे. मी म्हणायचे, तुमच्या देवाला माझा सलाम सांगा. ते म्हणायचे, सांगतो. आणि बहुतेक खरंच सांगत असावेत.

तो अध्याय आपण लहानपणापासून ऐकला, पण मला एक गोष्ट कधी दिसली नव्हती. त्या बायका आशेने निघाल्याच नव्हत्या रे. त्यांचं सगळं संपलं होतं. त्या राहिलेलं काम करायला निघाल्या होत्या. देहाला लावायची सुगंधी द्रव्यं घेऊन, आणि वाटेत एकमेकींना विचारत की ती धोंड आपल्यासाठी सरकवणार कोण. अगदी आपल्यासारख्या. हातात काम आहे म्हणून चालायचं, पुढचं पुढे बघू. आणि पोचतात तर धोंड आधीच सरकलेली. त्यांनी मागितलंसुद्धा नव्हतं.

मग पुढे वाचत गेले. त्या एकाच फर्म्यात काय काय आहे! म्हातारपणी मूल झालेली बाई आहे. तिचा नवरा आहे, त्याची वाचा जाते. (तो बिचारा मुका केला गेला. तू हौसेने झालास.) गव्हाणीतलं बाळ आहे. मेल्यानंतरची सकाळ आणि जन्मलेलं बाळ, सोळा पानांत, पाठीला पाठ लावून, आणि सात वर्षं ते सगळं भिंगरीच्या शिकंज्यात होतं. मी ज्या चादरीकडे बघायची नाही, तिच्याखाली. मी खाली बसले आणि प्रार्थना केली. शब्द नव्हते. ‘झालं’ एवढंच म्हणाले, भिंगरीसारखं.

तेव्हा पुढच्या रविवारी चर्चला गेले. फर्मा दोन पुठ्ठ्यांत घालून काखेत. दाजींनी बुटांना पॉलिश केलं, माझ्याही चपलांना केलं. सात वर्षांत बाकांना नवा रंग दिलाय, तोही असा चिकट की उठताना आवाज होतो. मी पाळकसाहेबांकडे दोन मिनिटं मागितली आणि पुढे उभी राहिले. ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोरच परत घ्यायचं, असं ठरवलं होतं. म्हटलं, “सात वर्षांपूर्वी फाटकाशी मी माझ्या भावाला बोलले. चूक त्याची नव्हती. पान मीच काढून ठेवलं होतं.” आणि पुठ्ठे उघडून दाखवले.

तेव्हा मागून आपल्या सुईणबाई उठल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या झाल्या, आपल्या दोघांना त्यांनीच या जगात आणलं. काठी टेकत टेकत पुढे आल्या आणि माझा गाल धरला.

“अगं, ते पान हरवलं नव्हतं,” म्हणाल्या. “माझ्याकडे होतं.”

आणि मला तेव्हा आठवलं. बाबांच्या वेळी पाळकसाहेब अडकले तेव्हा त्याच उठल्या होत्या. सबंध अध्याय त्यांनी तोंडपाठ म्हटला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता. बाबांचा अध्याय वाचला गेला होता, धाकट्या. बाबा तो ऐकूनच गेले. मी तेवढी ऐकत नव्हते, मी तुझ्याकडे बघत होते. सात वर्षं मी ज्या गोष्टीचा राग धरला, ती घडलीच नव्हती.

मग पाळकसाहेबांनी मला तिथेच त्या फर्म्यातून बाबांचा अध्याय वाचायला लावला. मी वाचला. चष्मा घरी होता. पण वाचला.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. मी तुझी ऋणी आहे आणि तुझी गुन्हेगार आहे. दोन्हींचा आता मला राग येत नाही.

तुझी ताई


३ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड आलं.

पोस्टमनने दारातून आत टाकलं तेव्हा मी खळ शिजवत होते, हात बरबटलेले. दाजी म्हणाले, मी वाचू? मी म्हटलं, खबरदार. खळ चुलीवर तशीच ठेवून वाचलं. खळ जळाली. मोरचूद घातलेली खळ जळली की कसला वास सुटतो ते तुला सांगायला नको, दाजींचं तेल त्यापुढे अत्तर. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

तुझं कार्ड मी इथे पुन्हा उतरवून काढते. तुझं तुला वाचायला नव्हे. लिहिताना हाताला कळतं म्हणून.

“ताई, मला माहीत होतं. तू सगळं दुकान शोधलंस, चादर तेवढी सोडलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती उचलली. टिपकागदाचं टोक दिसलं. काढणार होतो. पण आधी भिंगरी गेली, मग बाबा गेले, त्यात हे तुला कळलं असतं तर तू उठली नसतीस. म्हटलं, ज्या दिवशी ती स्वतः चादर काढेल त्या दिवशी तिला हे झेपेल. म्हणून तसंच ठेवलं. दांडा तेवढा एक फेरा घट्ट केला, दमट हवेने पानं सुरकुतू नयेत म्हणून. तिथे राहिलो असतो तर एखाद्या भांडणात तोंडातून निघालं असतं, तू मला भांडायला लावतेसच. म्हणून निघालो. आणि मी मोजलं नव्हतं हेही खरं आहे, तेव्हा बोलणी अगदीच फुकट खाल्ली नाहीत. पुस्तकाची शिवण उसवली नसशील तर उसवून ठेव. तेल एरंडेलाचं. – धाकटा.”

मी जमिनीवर बसले आणि रडले. मोठ्याने. दाजींना वाटलं तुझं काही बरंवाईट झालं. त्यांनी कार्ड घेतलं, वाचलं, आणि तेही माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसले. गुडघा दुखतो त्यांचा, पण बसले. बराच वेळ आम्ही दोघं त्या जळक्या वासात तसेच बसलो होतो.

एक फेरा घट्ट केला म्हणतोस. म्हणून तो दांडा माझ्याने हलेना. मी म्हणत होते की मी एवढं आवळत नाही.

धाकट्या, त्या पानांना एक सुरकुती नाही. माझ्या तीस वर्षांच्या कामात इतका सपाट फर्मा मी पाहिलेला नाही. पट्टी कुठे लावली ते मला स्वतःला बोटाने शोधावं लागलं.

दाजींनी मग उठून कपाटाच्या वरच्या खणातून एक पाकीट काढलं. भिंगरीचा मामा दर वर्षी तिचा एक फोटो पाठवतो. पहिल्या वर्षीचा आला तेव्हा मी तो न बघता चुलीत घालायला निघाले होते, तो त्यांनी वाचवला, आणि पुढचे मला सांगितलेच नाहीत. सात फोटो. पहिल्यात पुढचे दोन दात नाहीत. शेवटच्यात ती माझ्या खांद्याला लागेल एवढी झाली आहे, आणि मामा मागे उभा आहे, अजून लाजतोय. चांगला माणूस असावा. तिच्या वेण्या सरळ घातलेल्या आहेत.

खरं सांगायचं तर मी जे मागितलं ते मला मिळालं नाही. ती राहिली नाही. याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि कुणी उत्तर द्यायला आलं तर मी त्याला दुकानाबाहेर काढीन, पाळकसाहेब असले तरी. पण मी सात वर्षं म्हणत आले की देवाने माझ्याकडे पाठ फिरवली. आणि त्याच सात वर्षांत तू माझी चूक दूरच्या गावी स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होतास, दाजी फोटो जपत होते आणि तुला कार्ड पाठवत होते, आणि सुईणबाई तो अध्याय विसरू नये म्हणून रोज घोकत होत्या. मला कुणी टाकलेलं नव्हतं. मी चादर टाकून बसले होते, एवढंच.

दुसऱ्याची चूक स्वतःची म्हणून उचलायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, हे मी आजवर फक्त एकाबद्दल ऐकलं होतं. तू लाजशील म्हणून पुढे लिहीत नाही. पण आता उपदेशात ते आलं की माझ्या डोळ्यांसमोर दफनभूमीच्या फाटकाशी मान खाली घालून उभा असलेला माझा भाऊ येतो. मला आता ते समजतं. आधी नुसतं पाठ होतं.

मी फार आभारी आहे. तुझी, आणि त्याची.

तुझी ताई


१४ मार्च

धाकट्या,

सप्रेम सलाम. खोडलेला नाही, बघ.

तू शुक्रवारच्या बसने येतोस असं दाजींना कळवलंस. मला का नाही? ठीक आहे, तुमचं दोघांचं जुनंच साटंलोटं आहे. हे पत्र तू निघण्याआधी पोचेल की नाही माहीत नाही. पोचलं नाही तर परत गेल्यावर वाच. परत जायचंच असेल तर. मी विचारत नाही, नुसतं लिहिते. वरची खोली झाडून ठेवली आहे आणि तिच्या खिडकीला दाजींनी नवी कडी बसवली आहे. उलटी बसवली आहे, पण बसवली आहे.

चर्चमधून पुस्तक आणलं. पुठ्ठे काढले, कणा खरवडला. तुझी शिवण उसवायला मला अडीच दिवस लागले. इतकी चांगली शिवण उसवताना जिवावर आलं. एकट्याने, घरात एवढं सगळं चाललेलं असताना, एकही टाका सैल नाही. तेव्हा मी हे बघितलंच नव्हतं. दोऱ्याचा एक तुकडा ठेवून घेतला आहे, कशाला ते विचारू नकोस.

शिवणाची चौकट खिडकीखाली मांडली आहे, लहान शिकंज्याच्या शेजारी. त्याच्यावर आता चादर नाही. खडूच्या रेघोट्या आहेत तशा आहेत. दाजी एरंडेल घालताना त्या पुसणार होते, मी त्यांच्या हातावर फडकं मारलं. दोरा मेण लावून तयार आहे. बाबांची आरी सापडली, ती सबंध वेळ माझ्याच पेटीत होती. एवढी वर्षं मी तीही तू नेलीस म्हणत होते, हे पाळकसाहेबांना अजून सांगायचं आहे.

सुईणबाईंना निरोप गेला आहे. त्या म्हणाल्या, पुस्तक पुरं झालं की मी तो अध्याय विसरायला मोकळी. पण विसरणार नाहीत, मला माहीत आहे.

फर्मे टेबलावर आहेत. सोडवलेले सत्त्याहत्तर, आणि तो एक. मी मोजले. दाजींसमोर एकदा मोजले, एकटीने एकदा मोजले, आज सकाळी प्रार्थना करून पुन्हा एकदा मोजले. अठ्ठ्याहत्तर भरतात, सगळे जागच्या जागी.

तरी तू येऊन मोज.

तुझी ताई